एकीपुरतं

"भांडी इथं टाका," गरुडताई म्हणाल्या आणि त्यांनी पोत्याचं तोंड उघडून धरलं.

आम्ही बावीस जणी रांगेत उभ्या होतो. तवे, पातेली, पळ्या, उलथनी, चहाचं गाळणंसुद्धा पोत्यात गेलं. माझ्या पुढं हमीदाबाई होत्या. त्यांनी एक चमचा कमरेला खोचून ठेवला होता. गरुडताईंनी तो काढून घेतला.

"आज बिनभांड्याचा स्वयंपाक. प्रत्येकीची चूल वेगळी. एक सुरी आणि काडेपेटीतल्या तीन काड्या. पिठाचा डबा तिथं आहे, भाजी झाडाखाली आहे, लागेल तेवढं घ्या. बारा वाजता मी पानं बघायला येणार. जेवण एकीचं. जी रांधेल तिच्यापुरतंच. कुणी कुणाला मदत करायची नाही."

"मग भाकरी भाजायची कशावर?" मागून कुणीतरी विचारलं.

"ते तुम्ही मुलींना शिकवणार आहात. मला काय विचारता?"

हे त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यातलं. पाटणच्या अलीकडं कोयनेच्या काठी एक जुनी आमराई होती, तिथं आमचं दहा दिवसांचं शिबिर होतं. सातारा-सांगलीकडच्या शाळांतून आलेल्या आम्ही शिक्षिका गरुडताईंच्या हाताखाली गाइडच्या कॅप्टन होण्याचं प्रशिक्षण घेत होतो. तिशी-चाळिशीच्या बायका निळ्या साड्या नेसून, गळ्यात स्कार्फ बांधून दोरीच्या गाठी शिकत होत्या, शिट्टीवर धावत होत्या, तंबूत जमिनीवर झोपत होत्या. आमच्या कराडच्या शाळेत मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा कुणाची भाची लग्नाची होती, कुणाच्या मुलाची मुंज. मी हात वर केला.

"घरी चालेल ना, शेवाळे बाई?"

"चालेल," मी म्हणाले.

आणि घरी चाललं. दादानं स्वतः माझी वळकटी स्टँडवर आणून गाडीच्या टपावर चढवली.

शिबिरात हमीदा मुल्ला आणि मी एका तंबूत होतो. त्या मिरजेच्या, माझ्याच वयाच्या. बडबड्या, हसऱ्या, आणि स्वयंपाकात अगदीच बेताच्या. पहिल्याच दिवशी तंबूच्या मेखा ठोकताना त्यांनी विचारलं, "मुलं किती तुम्हाला?"

"दोन मुली," मी म्हणाले.

"नावं?"

"मोठी मीरा, चौदाची. धाकटी छबू, नऊची."

त्यांनी माझ्या मोकळ्या गळ्याकडं पाहिलं आणि पुढची मेख उचलली. काय समजल्या ते मला कळलं, पण मी ते दुरुस्त केलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नदीवर धुणं धूत होतो. साडी पिळता पिळता हमीदाबाई सांगायला लागल्या. त्यांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मुलाच्या मध्ये एक मुलगा झाला होता. चार दिवसांचा होऊन गेला.

"घरातले म्हणतात, नाव ठेवायच्या आधीच गेला. पण मी ठेवलं होतं. मनातल्या मनात. दवाखान्यात पाजताना त्या नावानंच बोलायची त्याच्याशी. हे मी माझ्या अम्मीलासुद्धा सांगितलेलं नाही. पोटचं लेकरू ज्यांनी वाढवलंय त्यांनाच हे कळतं, म्हणून तुम्हाला सांगितलं."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. साडीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं, ते मी पिळत राहिले. मग विचारलं, "काय नाव ठेवलं होतं?"

त्यांनी सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही.

तर त्या रविवारी भांडी गोळा झाल्यावर आम्ही पांगलो. हमीदाबाईंनी माझ्या शेजारीच दहा-बारा हातांवर चूल मांडली. मी नदीकाठी जाऊन एक छानसा चपटा, गुळगुळीत दगड निवडून आणला. काटक्या रचल्या, पहिल्याच काडीत जाळ धरला. मला त्याचा अभिमान वाटला. घरात सगळ्यांत आधी उठून चूल पेटवायची सवय माझी. गॅस आमच्याकडं मागच्या वर्षी आला होता.

दगड तापत आला आणि फाडकन आवाज झाला. दगडाचे दोन तुकडे उडाले, एक माझ्या पायाजवळ येऊन पडला. सगळ्या जणी दचकून माझ्याकडं बघायला लागल्या.

"नदीतला दगड कधी घेऊ नये," गरुडताई लांबूनच ओरडल्या. "त्याच्या पोटात पाणी असतं. माळावरचा आणा!"

मी माळावर गेले. ऊन चढलं होतं. काळा, सपाट, पावसानं झिजलेला एक दगड उचलून आणला, तोवर जाळ विझला होता. दुसरी काडी गेली. या वेळी मी घाई केली नाही. पळसाची चार पानं काट्यांनी टाचून जोडली, पिठाच्या डब्यातून पीठ आणलं, पानावर घेतलं. निखाऱ्यात एक मोठं वांगं खुपसलं, बाजूला दोन कांदे, चार मिरच्या. ज्वारीच्या पिठाला ऊन पाणी लागतं, पण भांडं नाही तर पाणी तापवायचं कशात? मग नदीकाठची वाळू उन्हात तापली होती, तिच्यात मी पाण्याची बाटली पुरून ठेवली. पाणी कोमट झालं. त्या पाण्यानं पीठ मळलं. तळहाताच्या टाचेनं रगडून रगडून मळलं. हात आपोआप चालत होते आणि त्या अर्ध्या तासात मला खरंच बरं वाटत होतं.

गरुडताई फिरत फिरत माझ्यापाशी आल्या. साठीच्या बाई, अंगानं काटक, गळ्यात शिट्टी. कमरेवर हात ठेवून त्या पानावरच्या पिठाकडं बघत राहिल्या.

"हे कितीजणांचं?"

"एकीचं," मी म्हणाले.

"एकीचं? शेवाळे बाई, नीट बघा."

मी बघितलं. नारळाएवढा गोळा होता. आठ-नऊ भाकऱ्या सहज झाल्या असत्या. मी डब्यातून किती ओंजळी घेतल्या ते मला आठवेना. रोजच्यासारख्याच घेतल्या असणार. दादाच्या तीन, मीराच्या दोन, छबूची एक, माझ्या दोन. वर एखादी असावी म्हणून.

"चुकलं," मी म्हणाले.

"पीठ वाया घालवायचं नाही," एवढंच म्हणून त्या पुढं गेल्या.

गोळ्यातला थोडा भाग तोडून बाजूला काढावा म्हणून मी हात घातला. किती तोडायचा ते कळेना. थोडा तोडला, पुन्हा लावला. पस्तीस वर्षांची बाई मी, बारा वर्षांची असल्यापासून चुलीपाशी, आणि एका बाईला किती पीठ लागतं हे मला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात आमराईच्या बांधावरून हाक आली.

"आत्या! ए आत्या!"

छबू धावत येत होती. दोन्ही हात पसरून, चपला हातात घेऊन. तिच्या मागं दादा, हातात पिशवी. आणि त्याच्या मागं डोक्यावर पदर घेतलेली नलिनी.

छबू येऊन माझ्या पाठीवर आदळली. मग चुलीवरचा दगड बघून तिनं मागं वळून हाक मारली, "आई, लवकर ये! आत्या दगडावर भाकरी करतीय!"

शेजारच्या चुलीपाशी हमीदाबाई कांद्याच्या पोकळ वाटीत अंडं फोडत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी छबूकडं पाहिलं, नलिनीकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं.

आता सरळ सांगते. मुली माझ्या नव्हत्या, दादाच्या होत्या. पहिल्या वहिनी गेल्या तेव्हा छबू अंगावर पिती होती आणि मीरा पाच वर्षांची. मी नोकरीला लागून वर्ष झालं होतं, माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. ते थांबलं. छबू बोलायला लागली तेव्हा शेजारच्या बायका म्हणायच्या, आई म्हणू दे की तुला. मी नको म्हणाले. भिंतीवरच्या फोटोकडं बोट करून मीच तिला शिकवलं, ती आई, मी आत्या. ते योग्य होतं, असं मला आजही वाटतं. नऊ वर्षं त्या घरात आई हा शब्द फक्त फोटोसाठी होता. मग एप्रिलमध्ये दादानं नलिनीशी लग्न केलं आणि सहा आठवड्यांत छबू तिला आई म्हणायला लागली. तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

"वन्सं, बऱ्या आहात ना?" नलिनीनं वाकून नमस्कार केला. माझ्याहून तीन वर्षांनी लहान होती ती. चेहऱ्यानं साधी, वागायला चांगली. तिच्याबद्दल वाईट सांगण्यासारखं माझ्याजवळ तेव्हाही काही नव्हतं, हीच अडचण होती. "छबूनं चार दिवस धोशा लावला होता. म्हटलं, रविवार आहे, भेटून यावं."

"मीरा?"

"मामाकडं गेलीय," दादा म्हणाला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "चांगली जागा आहे. हवा छान आहे."

"बसा. जेवूनच जा," मी म्हणाले. पीठ होतंच.

ती तिघं आंब्याच्या सावलीत बसली. मी भाकऱ्या थापायला लागले. पानावर थापून, पानासकट दगडावर पालथी घालायची, मग पान सोलून काढायचं. पहिली चिरली. दुसरी जमली, तिसरी तर टम्म फुगली. छबू टाळ्या पिटायला लागली. वांगं सोलून मिरची-कांदा ठेचून भरीत केलं. नलिनीनं डब्यातून शेंगदाण्याची चटणी आणली होती.

"वन्सं, मी थापू का दोन? तुम्ही घामानं भिजलात."

"नको. इथं दुसऱ्याची मदत घ्यायची नाही, असा नियम आहे."

मग ती जाळावर पदरानं वारा घालायला लागली आणि धुरानं तिलाच ठसका लागला. छबूनं पळत जाऊन तिला पाणी दिलं. तेव्हा माझं लक्ष छबूच्या केसांकडं गेलं. मी तिची एकच वेणी घालायचे, सकाळी शाळेची घाई असायची. आता दोन वेण्या होत्या, वर बांधलेल्या, लाल रिबिनींच्या. तिला त्या शोभत होत्या.

दादा तीन भाकऱ्या जेवला, हात धुतला आणि म्हणाला, "कालिंदी, जरा ये. बोलायचं आहे."

आम्ही नदीच्या बाजूला गेलो. पाणी उथळ होतं, मधले खडक उघडे पडले होते. दादा बराच वेळ रुमालानं हात पुसत राहिला.

"सांगलीचे आहेत," तो म्हणाला. "नलिनीच्या मावसबहिणीचे दीर. हेडक्लार्क आहेत. स्वतःचं घर आहे. माणूस निर्व्यसनी आहे."

"वय?"

"पंचेचाळीस. जानेवारीत बायको गेली त्यांची."

"मुलं?"

"तीन." दादानं पुन्हा हात पुसले. "धाकटा दीड वर्षाचा आहे. पण तुला काही जड नाही. मुलांची तुला सवयच आहे."

पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी पाण्यात घालत होतं. एकेक म्हैस पाण्यात बसताना मोठा श्वास सोडत होती.

"दादा, वहिनी गेल्या तेव्हा छबू किती महिन्यांची होती?"

"असेल पाच-सहा."

"अडीच."

त्यानं चपलेतला खडा झटकला.

"तेव्हा तू म्हणाला होतास, वर्षभर बघ, मग तुझं बघू."

"मग आता बघतोय ना?" त्याचा आवाज चढला, लगेच उतरला. "मी काय तुझं वाईट केलं का, कालिंदी? अंतर दिलं का कधी?"

"नाही."

"मग मंगळवारपर्यंत कळवायचं आहे त्यांना. असं स्थळ या वयात परत येत नाही."

"नको म्हणून कळव."

"विचार तरी कर. घरात आता... नलिनी काही म्हणत नाही, खोटं कशाला बोलू. पण दोन बायकांचा संसार एका स्वयंपाकघरात... सकाळी तू चहा टाकतेस, ती येऊन नुसती उभी राहते. रात्री मला विचारते, मी काय करू या घरात? मी काय उत्तर देऊ?"

हे मला माहीत नव्हतं. ती पाठीमागं उभी असते हे माहीत होतं. तिला असं वाटतं हे माहीत नव्हतं.

"मी खोली बघते," मी म्हणाले.

खरं सांगते, तोंडातून निघेपर्यंत हे माझ्या मनातही आलं नव्हतं. बोलून झाल्यावर मी दादाकडं बघत राहिले. वेडी आहेस का, म्हणेल. घर असताना खोली कशाला, म्हणेल. निदान, लोक काय म्हणतील, असं तरी म्हणेल.

दादानं रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली.

"कुठं?" त्यानं विचारलं.

उरलेल्या भाकऱ्या मी त्यांच्या डब्यात बांधून दिल्या आणि अडीचच्या गाडीनं ती तिघं गेली. छबू बांधावरून वळून वळून हात हलवत होती. मी चुलीपाशी परत आले तर गरुडताई उभ्या होत्या. बाकीच्यांची पानं बघून झाली होती, सगळ्या जेवून सावलीला पडल्या होत्या. माझ्या पानावर वांग्याचं देठ आणि थोडी राख होती.

"तुमचं जेवण, शेवाळे बाई?"

"पाहुणे आले होते. त्यांनी खाल्लं."

"ते बघितलं मी. मी तुमचं विचारतेय."

"वेळ संपली ना, ताई? बारा वाजून गेले."

"माझ्या घड्याळात अजून आहे," त्या म्हणाल्या आणि माझ्या चुलीसमोर मांडी घालून बसल्या.

एक काडी उरली होती. निखारे पार विझले होते. मी पिठाच्या डब्यापाशी गेले आणि एक ओंजळ घेतली. जास्त वाटली म्हणून थोडं पीठ परत टाकलं. मग कमी वाटलं. शेवटी डोळे मिटून एक मूठ भरली आणि आले. काडी लागली. एक भाकरी झाली, कडेला जळलेली. भाजलेला एक कांदा मुठीनं फोडला. पानात वाढून घेतलं आणि बसले.

आयुष्यात मी एकटी कधी जेवलेच नव्हते असं नाही. सगळ्यांचं झाल्यावर मागं राहिलेलं खायला एकटीच असायची मी. पण ते जेवण वेगळं. हे मुद्दाम माझ्यासाठी केलेलं होतं. गरुडताई नदीकडं तोंड करून बसल्या होत्या. माझ्याकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी घास गिळत गेले, रडू येत होतं तेही गिळत गेले, भाकरी संपवली.

त्या उठल्या. वहीत काहीतरी लिहिलं.

"मीठ घालायला विसरलात," म्हणाल्या. "बाकी बरं होतं."

हमीदाबाई त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. दोरी द्या, कंदील घ्या, तेवढंच. बुधवारी शिबिर संपलं. पाटणच्या स्टँडवर आम्ही दोघी आपापल्या वळकट्यांवर बसलो होतो, मध्ये एक हात अंतर. मला राहवलं नाही.

"मी खोटं बोलले तुमच्याशी."

"दोन मुली म्हणालात. आहेतच की दोन मुली," त्या म्हणाल्या. त्यांनी वळकटीची दोरी आवळली. "त्याचा राग नाही मला. पण मी ते सांगत होते तेव्हा तुमच्या मनात काय येत असेल, हेच सारखं डोक्यात येतंय."

मी खरं सांगायचं ठरवलं. "मला तुमचा हेवा वाटला होता. तुमच्याकडं निदान एक नाव तरी होतं."

त्यांनी माझ्याकडं एकदम पाहिलं. चेहऱ्यावर राग होता की दुसरं काही, मला कळलं नाही. तेवढ्यात मिरजेची गाडी लागली. त्या उठल्या, वळकटी उचलली. दोन पावलं जाऊन परत आल्या, माझ्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला आणि गाडीत चढल्या. पुढं त्यांचं पत्र कधी आलं नाही. मीही लिहिलं नाही.

खोली आठ दिवसांत मिळाली. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, वरच्या मजल्यावर, मोरी आतच असलेली. दादानं माझी ट्रंक हमालाच्या डोक्यावर दिली. नलिनी आतल्या खोलीत रडत होती, खरोखर रडत होती. मी तिला स्वयंपाकघरात नेलं, कुठल्या डब्यात काय आहे ते दाखवलं, मीराला कारल्याची भाजी आवडत नाही पण ताटात वाढावी असं सांगितलं, आणि बाहेर आले.

छबू उंबऱ्यावर बसली होती.

"आत्या, रात्री तिथं भीती नाही वाटणार तुला?"

"नाही."

"मी येऊ राहायला? आज एकच दिवस?"

तिनं माझा पदर धरला होता. नऊ वर्षं तिनं काहीही मागितलं की हो किंवा नाही मीच म्हणत आले होते. हो म्हणायला मला काहीच लागलं नसतं. ती तशीच चप्पल घालून माझ्याबरोबर निघाली असती.

मी तिचा हात पदरावरून सोडवला.

"आईला विचारून ये," मी म्हणाले.